रेषेची मागची कड

लिसेन्सियादो ओसुनानं तिसऱ्यांदा तांबडा रस्सा मागून घेतला, तेव्हा आईनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"ह्याला सांग, उद्याची जबाबदारी माझी नाही."

मी सांगितलं. ओसुना हसला. रुमालानं कपाळ पुसत म्हणाला, "सेन्योरा, मी साल्तियोचा. आजीनं मला दुधाबरोबर मिरची पाजली आहे."

मेक्सिकोत वकिली शिकलेल्या माणसाच्या नावाआधी लिसेन्सियादो लावतात आणि इंजिनियरला इन्हेन्येरो म्हणतात. तात्यांना सगळं शहर नुसतं 'इन्हे' म्हणायचं. शिरोलीच्या फाउंड्रीत खालपासून वर चढलेले माझे वडील आनंदराव लोहार इंजिनांचे ओतीव भाग करणारा तिथला कारखाना चालवायला गेले, तेव्हा मी बारावी संपवून त्यांच्याबरोबर गेले होते. कॉलेजमुळे माझं स्पॅनिश पक्कं झालं होतं. तात्यांचं कारखान्यापुरतंच राहिलं. त्यामुळे घरी कोणी आलं की मधे मी बसायची.

ओसुना हा हेरेरोस संघाचा व्यवस्थापक. साल्तियो अमेरिकेच्या सीमेपासून फार लांब नाही. तिथल्या लोकांना आपल्या ओळखीच्या पायांनी खेळायच्या फुटबॉलपेक्षा तो हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा अमेरिकन फुटबॉल जास्त प्यारा. शहराचा स्वतःचा व्यावसायिक संघ होता आणि त्याचं नाव हेरेरोस, म्हणजे लोहार.

पहिल्या महिन्यात कारखान्यातल्या लोकांनी तात्यांना सामन्याला नेलं. भरलेलं मैदान उभं राहून लोहार, लोहार असं ओरडत होतं. तात्यांनी शेजाऱ्याला दोनदा विचारून शब्दाचा अर्थ नक्की करून घेतला. शिरोलीहून कामासाठी पुण्याला गेले की तात्या कोणालाही स्वतःची ओळख नुसती 'मी आनंदराव' अशी करून द्यायचे. आडनाव विचारलं तरच सांगायचे, आणि सांगून झालं की समोरच्याचा चेहरा बघत थांबायचे. त्या रात्री घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "दहा हजार माणसं असतील. सगळी आपलं नाव घेऊन ओरडत होती."

त्यानंतर एकही सामना त्यांनी चुकवला नाही. पुढच्या वर्षी ते साखळीवाल्यांत गेले.

हा खेळ साखळीवर चालतो. चेंडू घेतलेल्या संघाला दहा यार्ड पुढं जायला चार प्रयत्न मिळतात. मैदानाच्या कडेला दोन दांडके धरून माणसं उभी असतात. दांडक्यांमध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. चेंडू पुढच्या दांडक्याच्या अगदी जवळ पडला आणि डोळ्यांना कळेना, तर साखळी मैदानात आणून मोजतात. पण कडेची साखळी आत आणताना जागा हलू नये म्हणून एक युक्ती असते. मैदानावर दर पाच यार्डांवर चार इंच रुंदीची पांढरी रेष आडवी आखलेली असते. साखळी जिथं त्या रेषेवरून जाते तिथं, रेषेच्या मागच्या कडेला धरून, साखळीला एक क्लिप लावून ठेवतात. आत गेल्यावर पंच ती क्लिप त्याच रेषेच्या मागच्या कडेवर दाबून धरतो आणि साखळी ताणतात. क्लिप खरी तर माप खरं.

ती क्लिप लावायचं काम तात्यांचं. अंगात केशरी-काळ्या पट्ट्यांचं जाकीट, पगार काही नाही. स्वयंपाकघरातल्या फरश्यांवर नायलॉनची दोरी टाकून त्यांनी मला आणि आईला हे सगळं समजावून सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "एवढं शिकून शेवटी चिमटाच लावायचा का?" कोल्हापुरी बाई माझी आई. जगात कुठंही गेली तरी 'मी करतो, मी येतो' असंच बोलायची आणि बोलायचं ते बोलायचीच.

तर त्या दुपारी ओसुनानं ताट बाजूला सारलं आणि टेबलावर कागदी रुमालाची उभी घडी घालून ठेवली.

"ही रेष," तो मला म्हणाला. "वडिलांना सांगा, रेषेला मागची कड असते तशी पुढचीही असते."

मी सांगितलं.

"रविवारी मोंतेरेशी उपांत्य सामना. जिंकलो तर अंतिम सामना आपल्याच मैदानावर. आमचा चेंडू असेल तेव्हा इन्हेनं क्लिप पुढच्या कडेला लावायची. पंच आत नेऊन ती मागच्याच कडेवर ठेवणार. म्हणजे काय होईल?"

मला कळायला थोडा वेळ लागला. सगळी साखळी चार इंच मागं येईल. आपल्या पोरांना चार इंच कमी धावावं लागेल.

"कोणाला दिसायचं नाही," ओसुना म्हणाला. "कोणी विचारायचंही नाही. सगळीकडे करतात."

मी हे मराठीत सांगताना तात्या भात कालवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्यांना विचार, भात घेणार का."

मी विचारलं. ओसुनानं नको म्हणून हात हलवला आणि खुर्ची पुढं ओढली. "आणखी एक सांगा. अंतिम सामना इथं झाला, तर ऐरणीवर घण इन्हे मारतील. माझा शब्द."

तात्यांना ते मी सांगायच्या आधीच समजलं. त्यांचा हात ताटात थांबला.

त्या संघाची एक रीत होती. घरच्या प्रत्येक सामन्याआधी मैदानाच्या मध्यावर ऐरण ठेवायची आणि शहरातल्या एखाद्या मानकऱ्यानं तिच्यावर तीन घण घालायचे. पूर्वी ऐरण पत्र्याची होती आणि आवाज कर्ण्यातून यायचा. तात्यांना ते सहन झालं नाही. "लोहार म्हणवता आणि ऐरण पत्र्याची," असं म्हणून त्यांनी स्वखर्चानं खरी ऐरण ओतून घेतली, वरचा पृष्ठभाग पोलादाचा बसवून घेतला आणि संघाला भेट दिली. तिचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जायचा. त्या ऐरणीवर मेयरनं घण मारला, सौंदर्यस्पर्धेतल्या मुलीनं मारला, सिमेंटच्या व्यापाऱ्यानं मारला. तात्या कडेला क्लिप हातात धरून ऐकत उभे असायचे. प्रत्येक वेळी ते पुटपुटायचे, "मनगट सैल पाहिजे."

"रस्सा आणखी आहे म्हणावं," तात्या म्हणाले.

ओसुनानं माझ्याकडे बघितलं. "हो म्हणाले की नाही म्हणाले?"

"रस्सा आणखी आहे, असं म्हणाले."

तो गेल्यावर आईनं मला सगळं विचारून घेतलं. मग पदर खोचत तात्यांपुढं उभी राहिली.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी जेवत होतो," तात्या म्हणाले.

रविवारी मी कडेच्या पहिल्या रांगेत होते. शेजारी केता नावाची जाडजूड बाई होती. दर सामन्याला तीच जागा घ्यायची, मला लिंबू-तिखट लावलेले शेंगदाणे द्यायची आणि माझ्या लग्नाची चौकशी करायची. समोर कडेला तात्या आणि त्यांच्यापुढं दोन चेमा. 'दोन' हा आकडा नव्हे, तिकडे वडीलधाऱ्यांच्या नावाआधी ते आदरानं लावतात. निवृत्त रेल्वेवाला होता चेमा, साखळीवाल्यांचा म्होरक्या. पुढचं दांडकं त्याच्याकडे असायचं. परगावी सामना असला की तो आणि तात्या आमच्या ओसरीवर बसून रेडिओ ऐकायचे. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळायचं नाही, पण संध्याकाळ छान जायची.

शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा हेरेरोस चार गुणांनी मागं होते आणि चेंडू त्यांच्याकडे होता. नव्या चार प्रयत्नांसाठी साखळी पुन्हा लागली. चेमानं दांडकं रोवलं. तात्या रेषेजवळ वाकले. क्लिप त्यांनी जाकिटाला पुसली, साखळीला लावली आणि उठले. मी बसले होते तिथून रेष दोऱ्याएवढी दिसत होती. तात्या उठल्यावर मात्र मला उगीच वाटलं की ते इतका वेळ कधी लावत नाहीत.

तीन प्रयत्नांत पोरं कशीबशी नऊ यार्ड गेली. चौथ्यात धिप्पाड पळणारा चेंडू पोटाशी धरून माणसांच्या ढिगात घुसला आणि त्याच्यावर सगळे पडले. पंचांनी एकेकाला ओढून बाजूला केलं. चेंडू तिथंच ठेवला आणि साखळीला बोलावलं.

केतानं माझा दंड घट्ट धरला.

साखळी मैदानात आली. पंचानं तात्यांची क्लिप चिमटीत धरून आणली होती. तात्या मागून मोकळ्या हातांनी चालत होते. पंचानं क्लिप रेषेच्या मागच्या कडेवर दाबली. चेमानं दांडकं ताणलं. सगळं मैदान उभं होतं. मुख्य पंच गुडघ्यावर बसला, त्यानं दांडकं आणि चेंडूचं टोक यांच्यातून पलीकडे बघितलं आणि हात वर केला. दोन बोटं. तेवढं कमी पडलं होतं.

चेंडू मोंतेरेकडे गेला आणि सामना संपला.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खाली रेषेकडे बघत होते.

दोन बोटं म्हणजे दीड इंच. चार इंचांत ती सहज झाकली गेली असती. हा हिशोब मी तिथंच उभ्या उभ्या केला, आणि खोटं कशाला सांगू, माझा ऊर अभिमानानं भरून आला. तोच हिशोब आणखी कोणी करत असेल असं तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. केतानं माझा दंड सोडला.

"तुझ्या बापाच्या हाताला काय झालं होतं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"रेष चार इंच रुंद असते, पोरी. लहान मुलांनाही माहीत आहे."

ती शेंगदाण्यांची पुडी उचलून वरच्या रांगेत जाऊन बसली. बिअरचा पेला तात्यांच्या पाठीवर येऊन फुटला. मग दुसरा. पंचांना पोलिसांनी वेढून आत नेलं. साखळीवाल्यांना कोणी नेलं नाही. ओसुना कडेनं चालत आला आणि तात्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलला.

"तुमच्या देशात चार इंच इतके महाग असतात का, इन्हे?"

तात्यांनी जाकिटाच्या बाहीनं मानेवरची बिअर पुसली. "नाही," एवढंच ते स्पॅनिशमध्ये म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक टेम्पो आला आणि आमच्या फाटकाबाहेर पदपथावर ऐरण टाकून गेला. संघाला भेट नको होती. ती आत घ्यायला चार माणसं लागली असती, आणि गल्लीत आता आमच्यासाठी हात लावणारी चार माणसं नव्हती. जाता येता पोरं तिच्यावर दगडानं ठोकायची. स्वयंपाकघरात आवाज यायचा. आई म्हणायची, "आवाज मात्र खणखणीत आहे हं."

आणि बोटं. पावाच्या दुकानातला पोऱ्या पिशवी देताना दोन बोटं आडवी धरायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतून दोन बोटं यायची. कारखान्यात तात्या भट्टीवर गेले की कोणीतरी मागून दोन बोटं दाखवायचं आणि हसू दाबायचं. तात्यांना पाठीमागचं दिसत नसे, पण समोरच्याचा चेहरा दिसत असे. एकदा त्यांनी मला विचारलं, "चार इंच द्यायला हवे होते असं ते उघड म्हणतात?"

"उघड म्हणतात."

"लाज नाही वाटत?"

"नाही वाटत."

तात्यांनी मान हलवली. एखादं यंत्र कसं चालतं ते कळल्यावर हलवायचे तशी.

आईला मात्र ह्या सगळ्यानं वेगळंच तेज चढलं होतं. रोज संध्याकाळी ती कोल्हापूरला फोन लावायची. आज मोठ्या काकांना, उद्या मामाला, परवा शिरोलीच्या फाउंड्रीतल्या माळी साहेबांना. "बियर फेकली हो अंगावर. पण आमच्या माणसानं चार इंच दिले नाहीत. एवढं मोठं आमिष होतं. नाही म्हणजे नाही." तात्या आतून विचारायचे, "कोणाला सांगायलीस?" आई रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, "खरं तेच सांगतोय की."

पवित्र आठवड्यात, गुड फ्रायडेच्या सकाळी, दोन चेमा आला. सामन्यानंतर पहिल्यांदाच. आत आला नाही, फाटकातच ऐरणीला टेकून उभा राहिला.

"इन्हे, जाकीट द्या. संघानं परत मागितलंय."

आईनं ते धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. तिनं घडी मोडू नये म्हणून कागदात गुंडाळून दिलं. चेमानं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"उद्या संध्याकाळी चर्चच्या चौकात या. यहूदा जाळायचा आहे. मुलीलाही आणा."

ती तिथली जुनी रीत. ईस्टरच्या आदल्या शनिवारी येशूचा घात करणाऱ्या यहूदाचा कागदी पुतळा करतात, पोटात फटाके भरतात, दोरीला टांगतात आणि उडवून देतात. आपल्या होळीसारखा दंगा. पुतळा करणारा आमच्या भागात चेमाच. रेल्वेतून सुटल्यावर त्याचा तोच छंद होता.

"यंदा चेहरा कोणाचा?" मी विचारलं. कारण यहूदाला दरवर्षी कोणाचा तरी चेहरा देतात, हे मला ठाऊक होतं.

"ते आधी सांगत नसतात, पोरी," चेमा म्हणाला, आणि जाकीट काखेत धरून गेला.

मला तेव्हाच समजलं. तात्यांनाही समजलं असणार. शनिवारी ऊन उतरल्यावर ते दाढी करून, पांढरा सदरा घालून ओसरीवर आले.

"चल."

"तात्या, नको जाऊ या."

"चेमानं बोलावलंय."

चौकात दिव्याच्या दोन खांबांमध्ये दोरी होती आणि दोरीला तात्या लटकत होते. माणसाच्या उंचीचे. टक्कल, चष्मा, डाव्या बाजूला जरा वर वळलेली मिशी, खिशाला दोन पेनं. अंगात इस्त्रीचं जाकीट. गळ्यात खरी लोखंडी साखळी. उजवा हात पुढं केलेला आणि त्याची दोन बोटं आडवी. चेमानं जीव ओतला होता. इतक्या संध्याकाळी समोर बसून ज्याला बघितलं त्याचं काहीच तो विसरला नव्हता. पेनं दोन असतात, एक निळं, एक लाल, हेसुद्धा.

आम्हाला बघून लोकांनी वाट करून दिली. शिट्ट्या वाजल्या, टाळ्या पडल्या. चेमानं तात्यांना मिठी मारली.

"रागावू नका, इन्हे. गेल्या वर्षी मेयर होता. ज्याला शहर ओळखतं त्यालाच जाळतात."

मी भाषांतर केलं. तात्या पुतळ्याभोवती एक फेरी मारून आले.

"मिशी बरोबर काढलीय," ते मला म्हणाले. "सांग त्याला."

मी सांगितलं. चेमाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

पलित्याची काठी ओसुनाच्या हातात होती. त्यानं ती उंच धरली आणि गर्दीकडे वळून म्हणाला, "भट्टीचा माणूस समोर असताना मी का पेटवू?" लोकांना ते फार आवडलं. त्यांनी ताल धरला. इन्हे, इन्हे. पुढच्या रांगेत केता होती. खांद्यावर नातवाला घेऊन तीही ताल धरत होती.

"तात्या, घरी चला," मी म्हणाले. "काही गरज नाही."

"पळून गेला म्हणतील. दे म्हणावं इकडे."

त्यांनी काठी घेतली. पुतळ्याखाली वाकून वात कुठून निघते ते बघितलं, वारा कुठला आहे ते बघितलं, पोरांना हातानं मागं सारलं. कारखान्यात वितळलेलं लोखंड बाहेर काढायला भट्टी फोडायच्या आधी ते असंच करायचे. मग वातीला पलिता लावला आणि न पळता तीन-चार पावलं मागं आले.

आधी पाय उडाले. मग पोट. टाळ्यांच्या आणि फटाक्यांच्या आवाजात तात्यांचं डोकं दोरीवर एकदा गरगर फिरलं आणि चष्म्यासकट पेटलं. पुढं केलेला हात तेवढा बराच वेळ राहिला. तो खाली पडला तेव्हा पोरांनी झडप घातली. एका मुलीला दोन बोटं मिळाली. बोटं नाचवत ती आमच्यासमोरून गेली. म्हाताऱ्या बायका तोंडाला हात लावून ओरडत होत्या, यहूदा, यहूदा.

"यहूदा म्हणजे आपल्याच माणसाचा घात करणारा ना?" तात्यांनी विचारलं.

"हो."

"कशासाठी केला त्यानं?"

"चांदीच्या नाण्यांसाठी, असं म्हणतात."

"मग बरोबर केलंय त्यांनी," तात्या म्हणाले.

मला वाटलं ते वैतागून बोलताहेत. मी त्यांचा हात धरून त्यांना गर्दीतून बाहेर काढलं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे ठिपके पडले होते. घर आलं तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड होता. आत आईचा फोन चालला होता आणि खिडकीतून तिचा आवाज स्पष्ट येत होता.

फाटकाशी तात्या थांबले आणि ऐरणीवर बसले.

मी बघतच राहिले. आमच्या घरात ऐरणीला पाय लागला तर पोराच्या कानाखाली बसायची. दसऱ्याला तिला हळद-कुंकू, झेंडू. लहानपणी शिरोलीच्या घरी मी आजोबांच्या ऐरणीवर खेळायला चढले होते, तेव्हा तात्यांनीच मला दंडाला धरून खाली ओढलं होतं आणि नाक घासायला लावलं होतं. तेच तात्या पाय पसरून तिच्यावर बसले होते, बसस्टॉपच्या बाकावर बसावं तसे.

"उठा, तात्या."

"शलाका, पुढच्या कडेला लावली होती मी."

"काय?"

"क्लिप."

आत आई हसून काहीतरी म्हणत होती.

"चार इंच दिले," तात्या म्हणाले. "पूर्ण दिले. तरी दोन बोटं कमी पडलं."

मी काय बोलले ते मला आठवतं. "मग सांगा की त्यांना."

"काय सांगू? चोर आहे, पण तुमचाच आहे, असं?"

पलीकडच्या गल्लीत उरलेसुरले फटाके वाजत होते. त्यांनी तळहात ऐरणीच्या पोलादावरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"एकदा घण मारायचा होता," ते म्हणाले.

मग आतल्या आवाजाकडे मान वळवली. "तिला सांगू नकोस. तिनं लई लोकांना सांगितलंय."

त्याच वर्षी आम्ही परत आलो. ऐरण तिथंच पदपथावर राहिली. शिरोलीत तात्यांच्या आधी त्यांची गोष्ट पोचली होती. उत्पादकांच्या संघटनेनं सत्कार केला, फेटा बांधला. माळी साहेब ती गोष्ट फार रंगवून सांगायचे. त्यांच्या तोंडी ती दर वर्षी थोडी वाढत गेली. कॉलेजांनी व्याख्यानाला बोलावलं, विषय दिला सचोटी. तात्या कधी नाही म्हणाले नाहीत. व्यासपीठावर बसायचे, गोष्ट पूर्ण होईपर्यंत समोरच्या सतरंजीकडे बघायचे, टाळ्या पडल्या की उठून हात जोडायचे. घरी आले की शाल माझ्या हातात द्यायचे आणि तोंड धुवायला जायचे. माझ्याशी त्या विषयावर ते पुन्हा एकदाही बोलले नाहीत. शेवटच्या आजारात बोलतील असं मला वाटलं होतं. हॉस्पिटलात भेटायला आलेल्या एका तरुण इंजिनियरनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारखं राहायचा प्रयत्न करतो." तात्यांनी पाय ओढून घेतले. नर्सला वाटलं, पाय दुखला.

तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर माळी साहेब उठले आणि बोलायला लागले. साल्तियो त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं, पण बाकी सगळं होतं. आमिष, बिअर, ऐरण, पुतळा. त्यांच्या गोष्टीत पुतळा आम्ही पाहिलाच नव्हता. तात्या घरात देवापुढं बसले होते. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. हार घातलेल्या फोटोत तात्यांच्या खिशाला दोन पेनं होती.

"आपली शलाका होती तिथं," आई मधेच म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी ताठ झाला होता. "हिनं डोळ्यांनी बघितलंय. सांग गं, किती कमी पडलं होतं?"

सगळे माझ्याकडे वळले. दारात उभे होते तेसुद्धा.

मी हात वर केला आणि दोन बोटं आडवी धरली.

"बघा," माळी साहेब म्हणाले. "एवढंसं. आणि ह्या माणसाच्या हातात चार इंच होते."

कोणीतरी मागून हळूच 'वा' म्हणालं. आई माझ्याकडे बघून मान डोलवत होती. दारातल्यांना दिसलं नव्हतं, त्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. मी हात आणखी थोडा वर केला.